पंचाच्या देव्हाऱ्यातला नारळ

एका गावात वेशीजवळच्या मोकळ्या जागेचा उकिरडा झाला होता, आणि दोष सगळा थोरल्या पंचाचा होता.

गावाची रीत अशी की, सगळ्यांच्या कामाचा नारळ थोरल्या पंचानंच फोडायचा. त्याआधी कुदळ मारली तर काम नासतं म्हणे. लोक दरवर्षी साफसफाईला तयार व्हायचे. पंच कधी मुहूर्त नाही म्हणायचा, कधी मानानं बोलवायला आला नाहीत म्हणून रुसून बसायचा. नारळ त्याच्या देव्हाऱ्यात पडून राहायचा. बाकीचे म्हातारे माना डोलवायचे. माना डोलवायला काय लागतं?

पाणवठ्याची वाट त्याच घाणीतून जायची. एकदा पंचाच्याच नातीच्या पायात तिथली काच घुसली. पाय सुजला, पोर तापानं फणफणली. पाय कसाबसा वाचला. वैद्य म्हणाला, पुन्हा असं झालं तर पाय राहायचा नाही.

पोरीची आई हौसा. तिनं सासऱ्याला विचारलं, नारळ कधी फोडता? तो म्हणाला, वैशाखात बघू.

"मामंजी, पोरीला पाण्याला उद्याच जायचंय," हौसा म्हणाली आणि कुदळ घेऊन निघाली.

पहिल्या दिवशी ती एकटीच खणत होती. सासऱ्याचं नाक कापलं, अशी कुजबुज गावभर झाली. दुसऱ्या दिवशी शेजारीण पाटी घेऊन आली. "तू खण, मी टाकते. पाप लागलं तर निम्मं माझं."

मग कुंभार आला, सुतार आला, अख्खी आळी आली. काचा वेचल्या, खड्डे बुजवले. वाटेच्या कडेनं कडुनिंब लावले, मधे झेंडू. दगड रचून ओटा बांधला. हातांना फोड आले, तरी कुणी थांबलं नाही.

सगळं झाल्यावर पंच उगवला. डोक्यावर फेटा, हातात तोच जुना नारळ. "सरका. मान माझा आहे."

लोक सरकले. सवयच तशी. पंचानं नारळ ओट्यावर आपटला. आतून काळं पाणी उडालं आणि अशी घाण सुटली की, बायकांनी नाकाला पदर लावले.

शेजारीण म्हणाली, "आप्पा, गावाचा उकिरडा आम्ही उचलला. एवढा तुमचा तुम्ही उचला."

हौसानं पाटी पुढं केली. पंचानं ती घेतली नाही. तो घरी निघून गेला. ओटा हौसानंच धुतला.

तात्पर्य एवढंच: कामाचा मान हात लावणाऱ्याचा असतो, वयाचा नाही. त्या गावात नारळ अजून फुटतात. थोरल्या पंचाच्या हातात मात्र तो मरेपर्यंत पुन्हा एकही नारळ कुणी दिला नाही.