कर्ण्यातला जल्लोष

एका गावात फुटबॉलचं एक मैदान होतं आणि त्या मैदानावर सर्जेराव नावाचे एक निवेदक होते. निवेदकाचं काम तसं साधं. खेळाडूंची नावं पुकारायची, गोल कुणी मारला ते सांगायचं आणि गप्प बसायचं. यातलं शेवटचं तेवढं सर्जेरावांना जमत नसे.

गावकरी फुटबॉलवेडे होते, पण फुकटची वाहवा करणारे नव्हते. आपला संघ चांगला खेळला की हलगी कडाडायची आणि गॅलरी मैदान डोक्यावर घ्यायची. संघ वाईट खेळला तर तीच गॅलरी शेंगा सोलत गप्प बसायची. पाहुण्यांनी देखणा गोल केला तर टाळ्या त्यांनाही मिळायच्या. सर्जेरावांना ती शांतता सोसत नसे. हातात माइक असताना मैदान गप्प झालं, की लोक आपल्यावरच रुसले आहेत असं त्यांना वाटायचं.

एका वर्षी गावानं मोठी शील्ड जिंकली. त्या दिवशीचा जल्लोष सर्जेरावांनी टेपवर भरून घेतला. पुढच्या रविवारी संघ रडतखडत खेळत होता, गॅलरी शेंगा सोलत होती, तेव्हा त्यांनी ती टेप लावली. चारही कर्ण्यांतून शील्डच्या दिवशीची गॅलरी ओरडू लागली. खेळाडूंना चेव आला. सर्जेरावांना कोण आनंद झाला.

मग टेप दर गोलला वाजू लागली. मग दर कॉर्नरला. शेवटी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत तीच. तरण्या पोरांना मजा वाटली. "जत्रा भरल्यावानी वाटतंय," ती म्हणाली. म्हातारी माणसं कुरकुरली, "आम्ही वरडायचं, का आमचंच वरडणं ऐकत बसायचं?" हलगीवाल्यानं दोन रविवार वाजवून पाहिलं. स्वतःची हलगी स्वतःलाच ऐकू येईना, तेव्हा तिसऱ्या रविवारी तो आलाच नाही. आणि माणसाचं काय आहे, आपल्या वाटचं काम दुसरं कुणी करतंय म्हटलं की तो खुशाल हात झटकतो. हळूहळू लोक ओरडायचे थांबले.

यात जीव टांगणीला लागला तो एकट्या गोलकीपर इलाहीचा. इलाहीला उजव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. ही गोष्ट गोलमागं बसणाऱ्या लोकांना ठाऊक होती आणि त्यांनी ती सात वर्षं पोटात ठेवली होती. उजवीकडून कुणी धावून आलं की ते हाक द्यायचे, "इलाही, उजवीकडं!" आणि इलाही वळायचा. एका संध्याकाळी तो सर्जेरावांच्या घरी गेला.

"मामा, माझा उजवा डोळा म्हंजे ती मागची माणसं हाईत," तो म्हणाला. "टेप वाजली की त्यांची हाक येत न्हाई. एखाद्या दिवशी डोस्कं फुटंल माझं."

सर्जेराव म्हणाले, "तुझ्या एकट्यापायी अख्खं मैदान मुकं ठेवू व्हय?"

इलाही अर्धा चहा तसाच ठेवून उठला. एवढं कानी पडूनही ज्याला आपल्या टेपचंच कौतुक वाटलं, त्या माणसाचा मला आजही राग येतो.

पुढं एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. घरी, शेतात, बाजारात लोक नीट बोलायचे, पण मैदानाच्या फाटकातून आत आलं की त्यांचा आवाज बसायचा. इकडे टेपचा आवाज मात्र रविवारागणिक मोठा होत चालला. गावात नव्यानं बदली होऊन आलेले एक मास्तर एकदा सामना संपल्यावर सर्जेरावांपाशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "शील्डच्या दिवशी मी या गावात नव्हतोच," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मग कर्ण्यात माझा आवाज कसा?"

सर्जेरावांनी तो आवाज स्वतः ऐकला होता. आणखीही पुष्कळ नवे आवाज त्यांनी ओळखले होते. पण मैदान कसं दणाणून जात होतं. त्यांनी मास्तरांना हसण्यावारी नेलं.

अंतिम सामना भर दुपारी होता. ऊन इतकं लख्ख की गवताचं पातं न् पातं दिसत होतं. गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. कर्णे गर्जत होते. सामना संपत आला असताना पाहुण्यांचा एक धिप्पाड खेळाडू उजवीकडून सुसाट आला. गोलमागची माणसं उठून उभी राहिली. सगळ्यांनी तोंडं उघडली. इलाही डावीकडेच पाहत होता.

धडक बसली आणि इलाहीचं डोकं खांबावर आपटलं. तो पडला, तरी खेळ थांबला नाही, कारण पंचांची शिट्टीही कर्ण्यांखाली बुडून गेली होती. सर्जेरावांनी टेपचं बटण दाबलं. जल्लोष थांबला नाही. त्यांनी वायर उपटली, ती हातात आली, तरी जल्लोष थांबला नाही. ते घसा फोडून ओरडले, "थांबा!" त्यांच्या तोंडून काहीच निघालं नाही. कर्ण्यांतून मात्र त्यांचाच आनंदी आवाज आला, "गोल!"

ते धावत मैदानात गेले, दोन्ही हात पसरून खेळाडूंच्या आडवे झाले आणि इलाहीचं डोकं मांडीवर घेऊन बसले. शील्डच्या दिवशी जेवढा वेळ जल्लोष चालला होता, तेवढाच वेळ तो चालला. मग कर्ण्यांतून चपलांचे आवाज आले. सायकलींच्या घंट्या वाजल्या. कुणीतरी कुणाला घरी चल म्हणालं. ते आवाज लांब लांब गेले आणि सगळं शांत झालं.

इलाहीनं डोळे उघडले, पण आता त्याला कुठल्याच डोळ्यानं दिसत नव्हतं.

"लोक घरी गेलं का, मामा?" त्यानं विचारलं.

सर्जेरावांनी वर पाहिलं. एकही माणूस हलला नव्हता. हजारो माणसं उभी होती, हजारो तोंडं उघडी होती, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या. जो तो इलाहीला हाक मारत होता आणि मैदानावर माशी घोंगावली तरी ऐकू आली असती. सर्जेरावांनी स्वतः त्याला सांगायचा प्रयत्न केला. त्यांचे ओठ नुसतेच हलले.

इलाहीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि डोळे मिटले.

तात्पर्य: उसन्या जल्लोषानं शांतता झाकू नये आणि आपलं ओरडणं दुसऱ्यावर सोपवू नये, कुणाच्या जिवावर बेतलं की हाक आपल्याच गळ्यातून यावी लागते.