बग्गाची झापडं

फार मागे, पाच नद्यांच्या मुलखात फजलदीन आणि गुरबचन यांच्या सामाईक विहिरीवर बग्गा नावाचा बैल डोळ्यांना झापडं बांधून रहाट ओढायचा. त्याच्या फेऱ्यांवर दोघांचीही शेतं भिजायची.

पुढे धर्म पाहून प्रांताची वाटणी झाली आणि सीमेची रेघ नेमकी विहिरीवरून गेली. “रेघ ओलांडलीस तर तंगडं मोडीन!” असं दोघांनीही बग्गाला दटावलं आणि ती दिसावी म्हणून त्याची झापडं सोडली.

बग्गा अर्धं रिंगण चालला आणि रेघेपाशी थांबला. पाण्याने भरलेली गाडगी विहिरीत अर्ध्यावरच लोंबकळत राहिली.

“अरे चल की, पिकं करपली!” दोघेही कळवळले.

“मग झापडं बांधा, धनी,” बग्गा म्हणाला. “दिसत नव्हतं, तेव्हा ही सगळी जमीन एकच होती.”