दादाची चाकं

गाड्या एकमेकींशी बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. मडकी चढवणं सोपं जावं म्हणून कुंभारांनी ठेंगू नावाच्या जुन्या पिकअपच्या स्प्रिंगा कापून त्याला बुटका केला होता. दर वळणावर "हळू रे, येड्या!" असं ओरडणारा त्याचा उंच थोरला भाऊ नुकताच भंगारात गेला. मागे उरली त्याची मोठाली चाकं.

"मी दादाचीच चाकं घालणार!" ठेंगू हट्टाला पेटला.

चाकं चढवली, तर बसली की! ठेंगू खुशीत अंगणभर धावला. "बघा, जॅककाका!"

"रिकामा आहेस आणि सरळ चाललायस, म्हणून," गाड्या उचलून त्यांची चाकं बदलणारा अंगणातला म्हातारा जॅक म्हणाला. "मडकी भर आणि वळून दाखव."

मडकी भरताच ठेंगू आणखी खाली बसला. पहिल्याच वळणावर टायर मडगार्डाला घासला आणि रबर जळल्याचा वास सुटला. ठेंगू रडकुंडीला आला. "मग दादाचं माझ्याजवळ राहणार तरी काय?"

जॅकने त्याला त्याची जुनी, बेताची चाकं चढवली आणि दादाचं एक चाक केबिनमध्ये सीटवर बसवलं.

आता ठेंगू वळणावर जोरात गेला, की ते चाक धाडकन दारावर आदळतं.

"हो रे दादा, जातो हळू!" म्हणत ठेंगू हसतो, आणि मडकी शाबूत बाजारात पोचतात.