तुळजा रंगारणीचं दिवाळं

डोक्यावर ऊन रणरणत असताना तुळजा रंगारणीनं दुकानाच्या दारात तेलाचा दिवा लावला, आणि बाजारभर ओरड झाली, “दिवाळं! तुळजाचं दिवाळं निघालं!”

त्या राज्यात रिवाजच तसा. कर्ज फिटेना, तर दिवसाढवळ्या दिवा लावायचा. मग राजाचा कारभारी यायचा, घरातलं किडुकमिडुक चौकात चादरीवर मांडून लिलाव करायचा आणि ज्याचं जेवढं घेणं, त्या मानानं त्याला पैसा वाटायचा. एक अंथरूण, एक भांडं आणि धंद्याची हत्यारं तेवढी सुटायची. उरलेलं कर्ज? माफ! कागद फाडून पाण्यात सोडायचे, माणूस मोकळा!

तुळजाची निळीची दहा पोती होडीसकट बुडाली होती. आठ दिवस नदी निळी आणि तुळजा पांढरीफटक!

लिलाव झाला. बैल, गाडी, नथ, लुगडी, सगळं धरून आले पंचाहत्तर रुपये. कर्ज तीनशे. म्हणजे रुपयाला चार आणे. साठवाला कुंभार म्हणाला, “पंधरा तर पंधरा! मडकं फुटलं तर खापराला कोण पंधरा देतो?” चाळीसवाला मोळीविक्याही दहावर राजी झाला. पण दोनशेवाला नागोशेट सावकार ताडकन उठला.

“थांबा! बाईनं माल लपवलाय!”

“कुठला हो?” कारभाऱ्यांनी विचारलं.

“तिचं कसब! तसला गुलाबी रंग मुलखात दुसऱ्याला जमत नाही. पाचशे रुपयांचं कसब आहे ते! कर्ज तीनशे न्‌ मालमत्ता पाचशेच्या वर, मग दिवाळं कसलं? सात वर्षं माझ्या घरी राबू द्या तिला, म्हणजे फिटेल!”

शेटच्या घरी राबायला गेलेला माणूस परत यायचा तो काठी टेकत!

गाऱ्हाणं राजाकडे गेलं. राजा मोठा हट्टी. एकदा मांजराला चुकून वाघ म्हणाला, तर ते मांजर मरेपर्यंत पिंजऱ्यात बकरा खात होतं!

“शेटचं खरं आहे,” राजा म्हणाला. “बाई, उद्या दुपारपर्यंत ते कसब चादरीवर आणून ठेव. नाही ठेवलंस, तर सात वर्षं शेटकडे!”

कारभारी कानाशी लागले, “महाराज, कसब म्हणजे काही वांगं नव्हे, टोपलीत घालून आणायला...”

“बोललो ते बोललो!”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तुळजा आली ती रिकाम्या हातानं. पदर खोचला आणि सरळ चादरीवर मांडी घालून बसली.

“हे काय गं?” राजा गरजला.

“कसब, महाराज! रात्रभर खटपट केली, पण वेगळं निघेना. म्हणून भांड्यासकट आणलंय. लावा बोली!”

चौक खदाखदा हसला. बोली मात्र कुणी लावेना.

“अहो शेटजी, गप्प का?” तुळजा म्हणाली. “पाचशे किंमत तुमचीच! टाका पाचशे. कालचे पंचाहत्तर धरून झाले पावणेसहाशे. तीनशे सगळ्यांचे फिटले, पावणेतीनशे माझ्या पदरात घाला!”

“मी देऊ? पाचशे?” शेट किंचाळला. “उद्या तू आजारी पडलीस तर?”

“बरं, शंभर द्या.”

“हट्! मनात आलं तर गुलाबीचा राखाडी करशील!”

“मग दहा?”

“छदामसुद्धा नाही! कसब काय चाटायचंय मला?”

तुळजा राजाकडे वळली. “ऐकलंत महाराज? कसब पाचशेचं असेल, तर शेटजींनी पैसे मोजावेत. छदामाचंही नसेल, तर ती मालमत्ताच नव्हे, मग माझ्याजवळच राहू द्या. दोन्हींतलं कुठलं, ते शेटजींनीच सांगावं. मला काय, दोन्ही गोड!”

शेट पागोटं सावरत गर्दीतून मागं सरकू लागला.

राजा असा हसला की मुकुट कानावर आला. “फाडा ते कागद! शेट, पन्नास रुपये घ्या आणि वाटेला लागा. आणि बाई, माझ्या फौजेची हजार पागोटी तू गुलाबी रंगवायचीस. मजुरी आगाऊ, रोख!”

“हजारच्या हजार गुलाबी, महाराज?” कारभाऱ्यांनी घाबरून विचारलं.

“गुलाबी! बोललो ते बोललो!”