बांगड्यांचे ओरखडे

गाडीवर ओरखडा दिसला की तुम्ही आधी गरिबाचा हात धरता. तो हात नीट बघण्याची तसदीसुद्धा घेत नाही.

आमच्या सोसायटीचे चेअरमन कारखानीस साहेब. त्यांच्या नव्या गाडीच्या दारावर खोल ओरखडे उठले. रंगाचे टवके उडून खालचा पत्रा दिसायला लागला. गॅरेजचे इस्माईलभाई आले, त्यांनी दारावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कशानं झालं?"

"बांगड्यांनी!" साहेब गरजले. "ही शेवंता रोज बांगड्या घासत गाडी पुसते, मी डोळ्यांनी पाहिलंय. वॉचमन, उद्यापासून हिला फाटकात घ्यायचं नाही!"

शेवंताबाईंचं घर आमच्याच गाड्या पुसून चालतं. आम्ही सगळे खाली जमलो होतो.

त्यांनी फडकं बादलीत टाकलं आणि दोन्ही हात साहेबांपुढे धरले. मनगटं मोकळी होती.

"साहेब, संक्रांतीला तुमच्याकडे हळदीकुंकू होतं. सगळ्या बायकांना बोलावलंय असं कळलं म्हणून मीही आले. वहिनी म्हणाल्या, 'तुला नवरा नाही, हातात बांगडी नाही, दारातूनच परत जा.' तुम्ही मागे उभे राहून 'बरोबर आहे' म्हणालात. सणाला माझ्या हातात नसलेल्या बांगड्या गाडी पुसताना कुठून आल्या?"

साहेबांनी वर गॅलरीकडे पाहिलं. वहिनी घाईघाईनं आत गेल्या, पण बांगड्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

वॉचमन फाटकाजवळून पुढे आला.

"साहेब, उद्या नक्की कुणाला अडवायचं?"