मोरस आणि खारावलेलं शेत

शेतं बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकायची, तेव्हाची ही गोष्ट.

खाडीकाठी नागूबायचं भातशेत होतं. एका उधाणात बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि शेत मिठाने पांढरं पडलं. नागूबायने बांध पुन्हा घातला, पण पेरलेलं भात काही उगवेना. तिची शेळी उपाशी ओरडू लागली.

मग नागूबायने खाडीकाठची मोरस आणून शेतात लावली. मोरस म्हणजे जाड, खारट पानांचं बुटकं झुडूप.

शेत चिडलं. "अगं बाय, मी भाताचं शेत! हे चिखलातलं झुडूप माझ्या अंगावर कशाला?"

मोरस म्हणाली, "दादा, रागावू नका. मला मीठ चालतं. भात परत आलं की मी निघेन."

शेत तोंड फुगवून बसलं. मोरस मात्र हिरवीगार पसरली. तिच्या मुळांनी माती भुसभुशीत झाली. पाला खाऊन शेळी गुबगुबीत झाली, तिला दोन करडं झाली. करडं शेतभर उड्या मारायची आणि शेताला गुदगुल्या व्हायच्या.

पावसाळ्यांमागून पावसाळे गेले, मीठ धुऊन निघालं. एका आषाढात नागूबाय भाताची रोपं घेऊन आली.

"येते दादा," म्हणत मोरस मुळं सैल करू लागली.

"थांब!" शेत ओरडलं. "नागूबाय, त्या भाताला जरा सरकून बसायला सांग. घरच्या माणसाला कुणी उठवतं का?"

नागूबाय हसली. तिने मधोमध भात लावलं आणि बांधाकडेची मोरस तशीच राहू दिली.