राजाच्या पगडबंदाचं नवं घर

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की त्या राजाचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

त्या राजाच्या पदरी एक पगडबंद होता. रोज सकाळी राजाच्या डोक्याला पगडी बांधायची, एवढंच त्याचं काम. पण एवढंच म्हणून हसू नका, बरं का. त्या राज्याची रीतच तशी होती. राजाच्या डोक्यावर पगडी बसल्याशिवाय दरबारात कुणी तोंड उघडायचं नाही. पगडबंदाला उशीर झाला, की गाऱ्हाणं घेऊन आलेली माणसं उन्हात मुकी उभी.

आणि उशीर तर व्हायचाच. त्याचं घर डोंगरापलीकडे. बिचारा घामाघूम होऊन धावत यायचा, आणि घामेजल्या हातांनी बांधलेली पगडी दुपारपर्यंत सैल व्हायची. शेवटी कारभाऱ्यांनी बजावलं, "जवळ कुठं घर बघ. पुन्हा राजेसाहेब उघड्या डोक्यानं बसले, तर आम्ही दुसरा माणूस आणू."

बापाकडून आलेलं काम ते. दुसरं काही त्याला येत नव्हतं. तो घाबरला. नवराबायको दोघं घर शोधायला निघाली.

एक घर मिळालं नदीच्या अलीकडे. ओट्यावर बसलं, की समोरच्या काठावर राजवाड्याची खिडकी दिसायची. दुसरं पलीकडे, राजवाड्याच्याच बाजूला, पण पार कुंभारवाड्याच्या मागं. वाट आमराईला वळसा घालून जाणारी, लांबलचक.

पगडबंद दुपारी नावेत बसला आणि बोलता बोलता पैलतीरी उतरला. परत आला तो खुशीत. "ठरलं! हेच घर. इथून तर खोकलो तरी राजाला ऐकू जाईल."

बायको म्हणाली, "अहो, राजेसाहेब पगडी दुपारी बांधून घेतात का?"

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या अमावास्या. दरबार बंद. आजची रात्र इथंच ओट्यावर झोपू, आणि पहाटे कामाला निघाल्यासारखं निघून बघू."

घरधन्यानं हसत हो म्हटलं.

पहाटे दोघं घाटावर गेली, तर नदीवर हे धुकं! नाव पलीकडे बांधलेली. पगडबंदानं हाका मारल्या. घसा बसला.

"एवढ्या हाकांनी म्हशीसुद्धा पोहत आल्या असत्या," बायको म्हणाली.

सूर्य चांगला वर आला, धुकं विरलं, तेव्हा कुठं नाव आली. नावाडी शांतपणे म्हणाला, "दादा, माझं घर पलीकडे. सकाळी तिकडचे शेतकरी जमल्याशिवाय मी नाव सोडत नाही, आणि धुक्यात तर नाहीच नाही. दुपारचं वेगळं. तेव्हा दोन्ही काठांना माणसं असतात."

पगडबंद मटकन पायरीवर बसला. समोर राजवाड्याची खिडकी लख्ख दिसत होती. आज दरबार असता तर? मग बायकोकडं बघून त्याला हसूच फुटलं. "वाचलो गं! आज अमावास्या आहे."

ती रात्र दोघांनी दुसऱ्या घराच्या ओट्यावर काढली, आणि पुढच्या पहाटेला कुंभारवाड्याच्या मागून निघाली. वाट लांब खरी, पण कुणाची वाट बघायला लावणारी नव्हती. पाय उचलत राहिलं, की झालं. राजवाड्याशी पोचली, तर देवडीवरचा शिपाई अजून डोळे चोळत होता.

"काय हो, रात्री इथंच झोपला होता काय?" त्यानं विचारलं.

त्याच दिवशी बायकोनं त्या घरात दूध उतू घातलं आणि चूल मांडली.

त्यानंतर दरबार सकाळच्या गारव्यातच भरू लागला. लांबून आलेली माणसं आपलं गाऱ्हाणं सांगून उन्हाआधी घरी परतू लागली. एकदा राजा आरशात बघून म्हणाला, "हल्ली पगडी ढळत नाही रे."

"हात कोरडे असतात, महाराज," पगडबंद म्हणाला, आणि सावकाश पुढची घडी घालू लागला.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ध्यानात ठेवा: ज्या वेळी रोज कामाला निघायचं, त्याच वेळी ती वाट एकदा चालून बघावी, आणि मगच घर धरावं.